कोरा नमुना

काकूंनी मान मागे टेकवली, कापसाची काडी उजव्या नाकपुडीत सरकवली आणि मनातल्या मनात पाच वेढे मोजले. मग डावीकडे पाच. डोळ्यांत पाणी आले, ते त्यांनी येऊ दिले. काडीचे टोक नळीतल्या द्रवात मोडून टाकले, झाकण फिरवून घट्ट केले, नळीवर मंगळवारची तारीख घातली आणि छापील कागद पुढ्यात ओढला.

कागदावर तीन प्रश्न होते. ताप, सर्दी, खोकला आहे काय? नाही. घरात कोणी आजारी आहे काय? नाही. गेल्या चौदा दिवसांत कोणाही व्यक्तीजवळ, हाताच्या अंतरावर, मुखपट्टीविना, एक तासाहून अधिक वेळ बसला आहात काय? असल्यास त्या व्यक्तीचे नाव.

इथे त्यांचे पेन थांबले. सोमवारीही ते इथेच थांबले होते. काकूंनी सोमवारी लिहिले तेच पुन्हा लिहिले, नाही, आणि खाली आपली उभी, ताठ सही केली.

गेली तीन वर्षे प्रयोगशाळेला लागणारा कोरा नमुना काकूंच्या नाकातून येत होता. काचेपलीकडे जे काम चाले ते सांगायला सोपे आणि करायला महाकठीण होते. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही लहान असे स्फटिकाचे कण तयार करायचे, त्यांच्या अंगावर विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडे चिकटवायची आणि ते कागदाच्या पट्टीवर सोडायचे. रुग्णाच्या नाकातल्या द्रवात तो विषाणू असला की कण पट्टीवरच्या रेषेपाशी अडकतात, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा झोत त्यांवर टाकला की हिरवे उजळतात. विषाणू नसला की पुढे वाहून जातात आणि रेषा काळोखी राहते. पण कणांचा प्रत्येक घाणा सारखा उतरत नाही. एखाद्या घाण्याला धरबंधच नसतो. विषाणू असो वा नसो, कण दिसेल तिथे चिकटतात. म्हणून प्रत्येक नवा घाणा आधी निरोगी माणसाच्या ताज्या नमुन्यावर चालवायचा. काळोख राहिला तर घाणा खरा. उजेड पडला तर फेकायचा.

साथीच्या दिवसांत असा निरोगी माणूस मिळणे ही काही सोपी गोष्ट नव्हती. अकरा जणांच्या त्या विभागात कोणाच्या घरी जुळी होती, कोणाकडे शाळेत जाणारी नातवंडे. ज्याच्या त्याच्या नाकात काही ना काही सापडे. काकू एकट्या राहत. त्यांच्या दाराची घंटा बंद पडून दोन वर्षे झाली होती आणि ती दुरुस्त करून घ्यावी असा प्रसंग आला नव्हता. "काकूंच्या नाकावर माशी बसत नाही, तिथे विषाणूची काय बिशाद!" असे भांडारप्रमुख म्हणत, आणि काकूंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणत. काकू त्यावर नुसत्या चष्म्यावरून पाहत. तीन वर्षांत त्यांची रेषा एकदाही उजळली नव्हती, आणि माणसाने निदान एका बाबतीत तरी निष्कलंक असावे असे त्यांचे मत होते.

"काकू, दिलंत का नाक?" काचेच्या खिडकीतून एक हातमोजा पुढे आला.

"नाक माझ्यापाशीच आहे. नमुना घे."

हातमोजा भिंगरीचा होता. ती सव्वीस वर्षांची संशोधिका. पण एका जागी तिचा पाय ठरत नसे, कानात सदा फोनची बोंडे आणि तोंडात सदा बोलणे, त्यामुळे भांडारप्रमुखांनी पहिल्याच आठवड्यात तिला हे नाव दिले होते आणि ते चिकटले होते.

"आज सतरावा घाणा," ती म्हणाली. "हा गेला ना काकू, तर त्याच्या मागोमाग मीही कचऱ्यात."

"अभद्र बोलू नकोस. मुखपट्टी नाकावर घे आधी."

ते हसण्यावारी नेण्यासारखे मात्र नव्हते. दुपारी चार वाजता दोनशे पट्ट्यांची पेटी रुग्णालयात जायची होती. साथ ओसरत आली होती. आज पेटी गेली नाही तर खऱ्या रुग्णांसाठी पुढच्या हंगामापर्यंत थांबावे लागणार होते, आणि भिंगरीच्या नेमणुकीची मुदत त्याआधीच संपत होती. आठ महिने ती या कणांपाठीमागे होती. शनिवार, रविवार, सुट्टी असा भेद तिने केला नव्हता.

काकूंनी नळ्यांवर चिठ्ठ्या लावायला घेतल्या. वीस मिनिटांनी अंधारखोलीचे दार उघडले. रेषेवरचा उजेड आकड्यांत मोजणाऱ्या यंत्राला अजून झाकण बसवलेले नव्हते, त्यामुळे पट्ट्या अंधारखोलीतच वाचाव्या लागत. भिंगरी दारात उभी राहिली. कानातली बोंडे गळ्यात लोंबत होती.

"पेटली, काकू."

"कोणती?"

"तुमची. कोरी."

तिने नवी पट्टी घेतली, द्रव नव्याने सोडला आणि ती पुन्हा आत गेली. या खेपेला बाहेर येऊन तिने दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. विभागप्रमुख आले ते कोणीतरी कळवल्यामुळे. त्यांना सगळे सर म्हणत.

"कोरा पेटला म्हणतात?"

"दोनदा, सर. सहाशे बारा आणि सहाशे चाळीस."

"साठाच्या आत हवा."

"हो, सर."

"मग विचारायचं काय राहिलं? फेकून दे."

"सर, पंधरावा, सोळावा, दोन्ही अगदी याच पद्धतीने केले होते. सोळावा कालच चालवला, सत्तेचाळीस आला. पट्ट्यांना पुरेसा नव्हता म्हणून सतरावा..."

"पद्धत तीच असेल. हात तेवढाच शांत होता का? कण धुण्याची एखादी फेरी घाईत उरकली असशील. तुझं लक्ष फोनमध्ये." सरांनी काकूंच्या टेबलाकडे हात केला, घरातल्या खांबाकडे करावा तसा. "नमुना तीन वर्षं तोच आहे. तो कधी चुकला नाही. मग चुकलं कोण?"

भिंगरी कचऱ्याची पिवळी पिशवी आणायला वळली. काकूंच्या बोटावर एक चिठ्ठी चिकटून राहिली होती. ती त्यांनी नळीवर लावली, वाकडी लागली, पुन्हा काढली.

रविवारी सकाळी औषधाच्या दुकानदाराने त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या बांधून देताना सहज विचारले होते, "तुमच्या जाऊबाई बऱ्या आहेत का? तीन दिवस खोकल्याचं औषध नेत होत्या, आज दिसल्या नाहीत." काकूंनी पुडी घेतली आणि त्या बाहेर पडल्या. घरी जायला कोपऱ्यावर डावीकडे वळायचे होते. त्या उजवीकडे वळल्या.

त्या दोघी जावांनी बावीस वर्षे एका चुलीवर स्वयंपाक केला होता. एकीने फोडणी टाकावी आणि दुसरीने न सांगता झाकण द्यावे, इतका हात बसला होता. मग काकूंच्या यजमानांना ताप आला. काकू त्या दिवसांत प्रयोगशाळेत दुहेरी पाळी करत होत्या, आणि तो ताप साधा नाही हे त्यांच्या लक्षात यायला चार दिवस गेले. ते गेल्यावर रुग्णालयाच्या व्हरांड्यात, दहा माणसांसमोर, धाकटी रडता रडता म्हणाली होती, "घरातल्या माणसाचा ताप हिला कळला नाही, आणि ही जगाचे रोग शोधते!" एवढे एकच वाक्य. पण काही वाक्ये अशी असतात की त्यांना उत्तर नसते, कारण ती खरी असतात. काकूंनी वेगळी जागा पाहिली. त्याला अकरा वर्षे झाली.

रविवारी धाकटीचे दार नुसते लोटलेले होते. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. काकूंनी कपाळावर हात ठेवला, पाणी पाजले, खिडकी उघडली. मग तिच्या केसांत झालेला गुंता पाहून त्यांना राहवले नाही. फणी शोधली, तिचे डोके मांडीवर घेतले आणि टोकाकडून एकेक बट सोडवत आणली. तीन तास लागले. मधून मधून धाकटी त्यांच्या कुशीतच खोकत होती. "पाणी?" "हं." "उशी देऊ?" "राहू दे." याखेरीज बोलणे झाले नाही. निघताना पाठीमागून आवाज आला, "दार ओढून घ्या."

ज्या बाईने हात धुण्यातच जन्म काढला, ती त्या संध्याकाळी घरी येऊन बराच वेळ तशाच हातांनी खुर्चीत बसून राहिली होती.

सोमवारी तिसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर 'होय, तीन तास' असे होते. पण त्यापुढे नावाचा रकाना होता. जे नाव अकरा वर्षांत ओठांवर येऊ दिले नाही, ते सर वाचणार, भिंगरी वाचणार, भांडारप्रमुख वाचून त्यावर विनोद करणार, आणि मग कोणीतरी विचारणार, 'काकू, तुम्हाला जाऊ आहे होय?' त्यांनी 'नाही' लिहिले. एकोणतीस वर्षांच्या नोकरीतली ती पहिली खोटी नोंद. सोमवारी रेषा काळोखी राहिली आणि खोटे पचले असे त्यांना वाटले.

आता भिंगरीने पिवळी पिशवी उघडून धरली होती. सतराव्या घाण्याची बाटली तिच्या दुसऱ्या हातात होती. दुधट, निरुपद्रवी दिसणारा द्रव. ती बाटली तिने एकदा उजेडासमोर धरली.

"थांब," काकू म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता, पण सरसुद्धा थांबले.

"घाणा खरा आहे. नमुना खोटा आहे."

"काकू, तुम्ही हिची बाजू घेऊ नका," सर म्हणाले. "तुमचा जीव आहे तिच्यावर, ठीक आहे, पण..."

"मी कोणाची बाजू घेत नाही. रविवारी मी माझ्या जावेजवळ तीन तास बसले. तिला ताप होता, खोकला होता. कागदावर मी 'नाही' लिहिलं. कालही आणि आजही. सही माझी आहे." काकूंनी कागद टेबलावर सरळ केला. "कचऱ्यात काही टाकायचंच असेल तर या कागदासाठी ती पिशवी उघडी ठेव."



"म्हणजे तुम्हाला लागण झालीय?" भिंगरी म्हणाली. "पण तुम्हाला तर काहीच होत नाहीये!"

"सकाळपासून घसा धरलाय. मी वयावर ढकललं. तुझे कण माझ्यापेक्षा शहाणे निघाले."

भिंगरीने बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरली. मग तिला जे सुचायचे तेच सुचले. "काकू, तुम्हाला जाऊ आहे?"

"आहे," काकू म्हणाल्या. "धाकटी."

सर कपाळ चोळत होते. "काकू, एकोणतीस वर्षांत तुम्ही..."

"एकोणतीस वर्षांत दोनदा. त्याची शिक्षा काय ती नंतर द्या. आता दुसरा कोरा नमुना शोधा. माझ्या शब्दावर पेटी पाठवू नका. माझा शब्द आज चालायचा नाही."

हे म्हणताना त्यांची मान ताठ होती. एकावर एक दोन मुखपट्ट्या बांधून त्या आपल्या पायांनी व्हरांड्यात गेल्या, टोकाच्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी फोन काढला. आकडा कुठे लिहिलेला नव्हता. बोटांना तो पाठ होता.

"कोण?"

"मी."

पलीकडे खोकला झाला. "आवाजाला काय झालं तुमच्या?"

"तुला झालंय तेच. धाकटे, आज दवाखान्यात जा. तुला कोणता विषाणू आहे ते कळलंय. त्याला औषध आहे, पण ते लवकर घ्यावं लागतं. नाव सांगते, लिहून घे."

"तुम्हाला कसं कळलं?"

"यंत्राने सांगितलं. माझं नाक तपासलं त्याने."

"माझा आजार तुमच्या नाकातून कळला?" आता आला तो खोकला की हसू, सांगणे कठीण होते. "अकरा वर्षांनी आलात आणि एवढंच घेऊन गेलात होय?"

"दिलंस तेच घेतलं. दुसरं काही पुढे केलं नव्हतंस."

"साधा चहा विचारायला तरी उठवत होतं का मला? बोलायला बरं!" मग तिचा आवाज खाली आला. "ताई, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर जे..."

"मी औषधाचं बोलतेय. घेतेस ना लिहून?"

"चष्मा शोधू दे."

काकू थांबल्या. चष्मा सापडायला फार वेळ लागला. दोघींपैकी कोणीही फोन ठेवला नाही.

औषधाचे नाव सांगून त्या वळल्या तेव्हा व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला सरांनी सगळा विभाग गोळा केला होता. घड्याळात पावणेतीन झाले होते. तिसरा प्रश्न ते एकेकाला मोठ्याने विचारत होते, आणि उत्तरे काकूंपर्यंत पोहोचत होती.

"माझ्याकडे नऊ माणसं, सर."

"धाकट्याचं नाक कालपासून वाहतंय."

"आम्ही तिघं पहारेकरी एका खोलीत झोपतो, साहेब. एक शिंकला की तिघंही जागे."

"माणसं नसलेलं घर पाहिजे," भांडारप्रमुख म्हणाले, "तर माझी बायको माहेरी जाईपर्यंत थांबा. मीही त्याचीच वाट बघतोय."

हशा पिकला. सर हसले नाहीत. "अरे, अकरा माणसांत एकही असा नाही? ज्याच्याजवळ चौदा दिवसांत कोणी बसलं नाही, असा एकही नाही?"

भिंगरी भिंतीला टेकून हातमोजे काढत होती. एकेक बोट ओढून, सावकाश.

"माझा घ्या," ती म्हणाली.

"तुझा कसा चालेल? तुम्ही चौघी राहता ना खोलीवर?"

"राहायचो. एकीचं लग्न झालं, दोघींना बाहेरगावी नोकऱ्या लागल्या. वर्ष झालं, सर."

"आणि दिवसभर ते फोनवर खिदळणं? मित्रमंडळ?"

"फोनवर हाताच्या अंतराचा प्रश्न येत नाही." ती हसली, नेहमीसारखीच, मोठ्याने.

"इथलं काम?"

"इथे काच असते. मुखपट्टी असते."

"चौदा दिवस, बरं का. नीट आठवून सांग. पेटीचा प्रश्न आहे."

"चौदा तर सहज," भिंगरी म्हणाली. तिला आठवावे लागले नाही.

भांडारप्रमुख काहीतरी बोलायला गेले आणि न बोलता आपल्या किल्ल्या पाहू लागले. सर म्हणाले, "उत्तम. उत्तम. चल, वेळ नाही."

काचेतून काकूंना ती दिसत होती. तिने मान मागे टाकली, काडी घातली आणि पाच वेढे घेतले. डोळ्यांतून पाणी आले तेव्हा तिने खांद्याला गाल पुसला. नळी, पट्टी, थेंब. मग वीस मिनिटे ती पट्टीसमोर बसून राहिली. कानातली बोंडे टेबलावर होती.

नोंदवही लिहायला नेहमी एक माणूस अंधारखोलीच्या बाहेर लागे, कारण आत दिवा लावता येत नसे. आतल्याने आकडा सांगायचा, बाहेरच्याने लिहायचा आणि तपासणीसाठी एकदा मोठ्याने वाचून दाखवायचा. काकूंनी व्हरांड्यातली खुर्ची दारापासून दोन हातांवर ठेवली आणि वही मागून घेतली. कोणी हरकत घेतली नाही. दार बंद झाले.

सर मागे उभे होते. ते पायाच्या बोटांवर उंच होत होते, खाली येत होते.

"चाळीस," आतून आवाज आला.

"चाळीस," काकूंनी लिहिले आणि वाचले.

"एकेचाळीस."

"एकेचाळीस."

"अडतीस. काकू, अडतीस! पूर्ण काळोख! काही म्हणजे काही दिसत नाहीये!"

"अडतीस," काकू म्हणाल्या.

"झालं!" सरांनी हातावर मूठ आपटली. "पेटी भरा रे! चालकाला बोलवा!" ते व्हरांड्यातून जवळजवळ धावतच गेले, त्यांच्या मागोमाग बाकीचे. जिन्यावर पावलांचा आवाज झाला, खाली कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग एक दार आपटले. व्हरांडा रिकामा झाला.

काकूंनी वहीतल्या तीन आकड्यांखाली रेघ मारली. नमुना देणाऱ्याच्या नावापुढे सहवासाचा रकाना होता. तिथे त्यांनी 'नाही' लिहिले. दोनच अक्षरे, पण ती लिहून व्हायला वेळ लागला.

दार उघडले नाही. आत दिवाही लागला नाही.

"काकू, आहात का?"

"आहे."

"आकडे वाचता परत?"

नियम एकदाच वाचण्याचा होता, आणि ते वाचून झाले होते. काकूंनी खुर्ची दाराशी ओढली.

"चाळीस," त्यांनी वाचले. "एकेचाळीस. अडतीस."

 खाली पेटी गाडीत चढवल्याचा आवाज झाला आणि गाडी निघून गेली.

"परत," भिंगरी म्हणाली.

काकूंनी घसा साफ केला, वही गुडघ्यावर नीट घेतली आणि पहिल्यापासून, एकेक आकडा सावकाश, पुन्हा वाचायला सुरुवात केली.